वीचा पंजा संध्याकाळी उड्या मारतो? आधी खोली बघा, मग रिमोट

आमच्या घरातला निन्टेंडो वी (टीव्हीला जोडून, रिमोट हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) दिवसभर गुणी बाळासारखा चालायचा आणि संध्याकाळी सव्वासात झाले की त्याच्या अंगात यायचं. खेळ निवडायचा तो पडद्यावरचा छोटा पांढरा पंजा आधी थरथरायचा, मग एकदम डाव्या कोपऱ्यात उडी मारायचा, पुन्हा मध्ये यायचा, पुन्हा गायब. अर्धा तास हा तमाशा. पावणेआठला सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी सव्वासातला परत तेच.

चार महिने हे सहन केलं. भाचा म्हणाला, "मामा, तुझा रिमोट म्हातारा झालाय." आई म्हणाली, "सांजवेळी खेळू नये म्हणतात ते उगाच नाही." गावातल्या एका दुकानदाराने रिमोट हातातही न घेता "सेन्सर गेला" म्हणून सांगितलं आणि दुसरा जुना रिमोट बाराशे रुपयांना गळ्यात मारला. त्या दिवशी सव्वासातला दोन्ही रिमोट नाचायला लागले. म्हणजे दुखणं रिमोटचं नव्हतं हे कळायला मला बाराशे रुपये लागले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

खरी खूण रोज डोळ्यांसमोर होती आणि कुणालाच दिसली नाही. त्या अर्ध्या तासातसुद्धा आई वी स्पोर्ट्समधलं बोलिंग मजेत खेळायची. एकदा खेळ सुरू झाला की तिचा चेंडू सरळ जायचा, पिना धडाधड पडायच्या. बिघडायचा तो फक्त पंजा. हात फिरवलेला वीला कळत होता, नेम धरलेला कळत नव्हता.

ही दोन कामं रिमोटमधले दोन वेगळे भाग करतात. हात हलला, झटका दिला, रिमोट आडवा-उभा झाला हे एक्सिलरोमीटर सांगतो. बोलिंग त्याच्या जिवावर चालतं. नेम कुठे आहे हे मात्र रिमोटच्या टोकाला असलेल्या काळ्या काचेमागचा छोटासा इन्फ्रारेड कॅमेरा सांगतो. तेव्हा तुमच्याकडेही हात फिरवायचे खेळ नीट चालत असतील आणि पंजाच बिघडत असेल, तर एक्सिलरोमीटर, ब्लूटूथ, सेल यांच्या मागे लागू नका. फक्त नजरेचा प्रश्न आहे.

आता टीव्हीजवळ ठेवतो ती पट्टी. तिला सेन्सर बार म्हणतात आणि सगळा घोळ या नावाने घातलाय. तिच्यात सेन्सर नावाची वस्तूच नाही. दोन टोकांना पाच-पाच इन्फ्रारेड एलईडी आहेत, बाकी पट्टी रिकामी. वायरमधून तिला वीज मिळते, बस. ती वीला काही कळवत नाही. पट्टी म्हणजे नुसते दोन दिवे, बघणारा डोळा आपल्या हातात. रिमोटला ते दोन ठिपके दिसतात. ठिपके कुठे सरकले त्यावरून नेम कळतो, ते एकमेकांपासून किती लांब दिसतात त्यावरून आपण किती मागे उभे आहोत ते कळतं, आणि त्यांची रेघ तिरकी झाली की मनगट वळलं. हिशेब इतका साधा आहे. म्हणूनच तिसरा ठिपका आला की बोंब होते. कॅमेरा एका वेळी चार ठिपके धरू शकतो, पण त्यातले आपले दोन कुठले हे त्याला कोण सांगणार? कधी पट्टीचे दोन्ही धरतो, कधी एक पट्टीचा आणि एक परका. पंजा उडी मारतो तो याच वेळी.

परका ठिपका येतो कुठून? तापून उजेड देणारी जवळपास प्रत्येक वस्तू इन्फ्रारेडही फेकते. सूर्य, ज्योत, जुना पिवळा बल्ब, हॅलोजन, लाल होणारा रूम हीटर. हल्लीचे एलईडी बल्ब आणि ट्यूब या बाबतीत निरुपद्रवी आहेत, त्यामुळे "लाइट बंद करून बघ" हा सल्ला आता बऱ्याच घरांत फुकट जातो.

मी पहिला संशय सूर्यावर घेतला. आमचा हॉल नाशिकच्या इंदिरानगरात, खिडकी पश्चिमेला, आणि हे सगळं सुरू झालं हिवाळ्यात. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात न येणारी तिरीप आत येते आणि काचेच्या शोकेसवर चमकते. जाड पडदा आणला, लावला. पण नाशिकला डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. मावळून तास उलटला तरी पंजा नाचतोय म्हटल्यावर सूर्य निर्दोष सुटला. (पडदा वाया गेला नाही. बहिणीकडे गंगापूर रोडला हेच दुखणं दुपारी चारला व्हायचं, तिच्याकडे तो लगेच लागू पडला.)

शेवटी सेटिंगच्या ज्या पडद्याने चोर पकडून दिला तो वीमध्येच होता आणि मी कधी उघडला नव्हता. मुख्य पानावर डाव्या कोपऱ्यात खाली गोल बटण आहे, त्यातून वी सेटिंग्ज, मग बाण दाबून दुसरं पान, तिथे सेन्सर बार आणि त्यात सेन्सिटिव्हिटी. इथे काळ्या चौकोनात रिमोटला जे दिसतंय ते जसंच्या तसं दिसतं. रिमोट पट्टीकडे धरला की दोन पांढरे ठिपके यायला हवेत. नेहमी खेळता तिथेच बसून बघा, टीव्हीजवळ जाऊन नाही.

मी सव्वासातला बघितलं. तीन ठिपके. दोन स्थिर, तिसरा डावीकडे, जरासा वर, आणि बारीक थरथरणारा. मी रिमोट तसाच धरून बसलो होतो. तेवढ्यात आई देवघरापुढे उदबत्ती लावायला उभी राहिली आणि तिसरा ठिपका गेला. ती बाजूला झाली, ठिपका हजर.

आमचं देवघर म्हणजे टीव्हीच्या डाव्या हाताला फळीवर ठेवलेला लाकडी देव्हारा. फ्लॅटमध्ये दुसरीकडे जागाच नाही. आई दिवेलागणीला तिथे तेलवातीचं निरांजन लावते, ते साधारण अर्धा तास जळतं.

"अगं आई, तुझं निरांजन!"

"काय झालं त्याला?"

"त्याच्यामुळे गेम बिघडतो."

"मग गेम बंद कर. निरांजनाचा काय दोष?"

मुद्दा बिनतोड होता. तोडगा काढायचा तो गेमच्या बाजूनेच काढायचा, एवढं ठरलं. आधी सेन्सिटिव्हिटी कमी करून पाहिली. त्याच पडद्यावर अधिक-उणेची बटणं दाबून ती एक ते पाच यांत बदलता येते. आमची चारवर होती, का कोण जाणे. खाली आणली तरी निरांजनाचा ठिपका तसाच, कारण जवळची ज्योत एलईडीला सहज भारी पडते. मग आईच्या परवानगीने निरांजन देव्हाऱ्यात वीतभर आत सरकवलं, इतकं की देवांना दिसेल पण सोफ्यावरून देव्हाऱ्याच्या खांबाआड जाईल. ज्योतीच्या वर लाकूड किती अंतरावर येतं ते मात्र नीट बघून घेतलं, नाहीतर एक दुखणं घालवताना दुसरं ओढवून घ्यायचं. तिसरा ठिपका गेला. पण आता एक चौथाच, फिकट, वरच्या बाजूला दिसायला लागला. तो निघाला गजाननाच्या तसबिरीच्या काचेतला उजेड. याला मात्र सेन्सिटिव्हिटी दोनवर आणल्याबरोबर उतार पडला. फिकट ठिपके असे जातात, भक्कम ठिपके आडच करावे लागतात.

तुमच्याकडे देवघर टीव्हीजवळ नसेल. तरी त्या काळ्या चौकोनावर किती ठिपके येतात ते बघितल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. तीन-चार आले तर खोलीत चोर आहे: भाच्याला उभं करा, हाताने एकेक वस्तू झाकायला सांगा, ठिपका कधी जातो ते तुम्ही बघा. पाच मिनिटांचं काम आहे. बरोब्बर दोन आले, स्थिर आहेत, तरी पंजा नेमापेक्षा वर किंवा खाली पळतो, असं असेल तर पट्टी टीव्हीच्या वर आहे की खाली हे वीला चुकीचं सांगितलेलं आहे. त्याच सेन्सर बारच्या पानावर ते बदला. भिंतीवर उंच टांगलेल्या टीव्हीला पट्टी वर ठेवूच नका, सोफ्यावर बसलेल्याला नेम छताकडे धरावा लागतो. खाली, मधोमध, आणि टेबलाच्या अगदी पुढच्या कडेला. मागे सरकली तर कडच तिला आडवी येते. अंतर एक ते तीन मीटरच्या आत ठेवा. आपल्या हॉलमध्ये त्यापेक्षा जास्त जागा असते कुणाकडे?

एकच ठिपका दिसला तर अर्धी पट्टी गेली किंवा तिच्यासमोर काहीतरी आलंय. आमच्याकडे एकदा टीव्हीच्या रिमोटची पिशवी आली होती. एकही दिसला नाही तर मोबाइल घ्या, पुढचा सेल्फीचा कॅमेरा चालू करा आणि पट्टीकडे धरा. आपल्या डोळ्यांना न दिसणारे एलईडी त्यात फिकट जांभळे चमकतात. मागचा मोठा कॅमेरा बऱ्याच फोनमध्ये इन्फ्रारेड गाळतो, म्हणून तो वापरून "पट्टी मेली" असा निकाल देऊ नका. वी चालू असताना बघा, बंद असताना पट्टीला वीजच नसते. दोन्ही टोकं काळी दिसली तर बहुतेक वायर गेली. ती केसासारखी बारीक असते, टेबलाच्या पायाखाली चेंगरते, केरसुणीत अडकते. बदली पट्टी कुठल्याही कंपनीची चालते, सेलवर चालणारी बिनवायरचीही चालते, कारण शेवटी दोन दिवेच हवेत.

आणि पट्टी येईपर्यंत? पंजाच नसेल तर सेटिंग्जपर्यंत पोचणार कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. दिवाळीतल्या उरलेल्या दोन पणत्या टीव्हीपुढे वीतभर अंतरावर लावल्या. पंजा हजर! ज्या ज्योतीने चार महिने छळलं तिनेच काम केलं. आईने आधी विचारून घेतलं, "देवाच्या नाहीत ना?" मगच काडेपेटी दिली. पणत्या ताटात ठेवा, पडदा आणि टीव्हीची कड लांब ठेवा, सेटिंग झालं की विझवा. खेळायला ही सोय नाही. हातवारे करणारी चार पोरं आणि उघडी ज्योत एका खोलीत नको.

ठिपके बरोबर दोन, पट्टी ठणठणीत, तरी पंजा मरतुकडा वाटतो, असं झालं तर मग सेल. होमचं बटण दाबलं की खाली प्रत्येक रिमोटच्या सेलच्या रेघा दिसतात. किराणा दुकानात पेन्सिल सेल मागितले की बहुतेक वेळा भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल मिळतात. घड्याळाला ते वर्षभर पुरतात, कारण घड्याळ चिमूटभर वीज खातं. वीचा रिमोट कॅमेरा चालवतो, थरथरतो, स्पीकरमधून आवाज काढतो. स्वस्त सेल तिथे लगेच मान टाकतात. अल्कलाइन घ्या, नाहीतर चार्जिंगचे. चार्जिंगचा सेल दीडऐवजी एक पूर्णांक दोन व्होल्टचा असतो, त्यामुळे रेघा लवकर कमी दिसतात. घाबरू नका, चालतो.

टेनिसमध्ये जोरात हात फिरवला की रिमोट बंद पडतो, असं होत असेल तर सेल आतल्या आत हलतोय. स्प्रिंग जरा ओढून उभी करा. चांदीचा कागद घडी करून कोंबायचा उद्योग करू नका, तो सरकला की दोन टोकं जोडून बसतो. आत पांढरी पूड जमली असेल तर अल्कलाइन सेल पाझरलाय. कापसाची काडी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरात किंचित भिजवून पुसा, मग पाण्याच्या ओल्या काडीने, मग कोरडं. हातमोजे नसतील तर पिशवी हाताला गुंडाळा, ती पूड कातडीला चावते. स्वस्त सेल पाझरले की तपकिरी, चिकट घाण होते. तिला लिंबू नको, नुसतं ओलं फडकं पुरे. शेवटी शाळेच्या खोडरबराने पत्रा घासला की चकचकीत होतो. माझा पहिला, "म्हातारा" रिमोट आत असाच हिरवट झाला होता, आणि खोडरबराने तो पुन्हा तरणा झाला. बाराशेची जखम त्यामुळे आणखी चरचरली.

चार निळे दिवे लुकलुकतात आणि विझतात, रिमोट जोडलाच जात नाही, हा वेगळा आजार आहे आणि त्याचं औषध सोपं. वीच्या पुढच्या बाजूला मेमरी कार्डाचं झाकण उघडा, आत लाल बटण आहे. रिमोटचं सेलचं झाकण काढा, तिथेही लाल बटण आहे. दोन्ही एकापाठोपाठ दाबून सोडा, धरून ठेवू नका. एक दिवा स्थिर राहिला की जुळलं. तरी सारखा तुटत असेल तर वायफायचा राऊटर वीच्या डोक्यावर ठेवलाय का बघा. दोघंही एकाच लहरींच्या पट्ट्यात बोलतात, जरा लांब बसवा.

हात सरळ असताना खेळातली तलवार तिरकी दिसते, ही तक्रार मोशनप्लसवाल्यांची, म्हणजे रिमोटला गिरकी मोजणारा जास्तीचा भाग असलेल्यांची. मूळ २००६ च्या रिमोटात गिरकी मोजायची सोयच नव्हती. जायरोस्कोप २००९ मध्ये मोशनप्लसच्या जोडणीतून आला, आणि २०१० पासून रिमोटमध्येच बसवून मिळायला लागला. जायरोस्कोप गिरकीचा वेग मोजतो आणि त्यावरून कोन जुळवतो, त्यामुळे बारीक चूक साठत जाते. बटणं खाली करून रिमोट टेबलावर पालथा ठेवा, काही सेकंद हात लावू नका, तो स्वतःला शून्यावर आणतो. मांडीवर ठेवून हे जमत नाही; आपण श्वास घेतो तेवढाही त्याला पुरतो.

अमेरिकेतल्या काकांनी आणलेल्या वीबद्दल एकच सांगतो: त्याचा अ‍ॅडॉप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० मध्ये लावला की एक वास येतो आणि खेळ संपतो. बाहेर जाणारी वीज १२ व्होल्ट, ३.७ अँपिअर असलेला २३० चालणारा अ‍ॅडॉप्टर घ्या. काकांना फोन करून ओरडू नका, त्यांनी प्रेमाने आणलाय. आणि अमेरिकेतल्या वीवर तिथल्याच डिस्क चालतात, हेही खरेदीआधी लक्षात असू द्या.

आमच्याकडे आता निरांजन वीतभर आत, सेन्सिटिव्हिटी दोनवर, आणि सव्वासातला आई आधी हात जोडते, मग रिमोट घेते. गणपतीत मात्र आम्ही हार मानली. मखर टीव्हीच्याच कोपऱ्यात बसतं, दोन्ही बाजूंना समया, वर काकांच्या वेळची पिवळ्या बल्बांची माळ. तेव्हा त्या चौकोनात ठिपक्यांची रांगोळी होते. ते दहा दिवस वी माळ्यावर जातो, सेल काढून.